महाविद्यालयांतील वर्षें कोणाचीं?

जून महिना उजाडला म्हणजे पुण्याच्या पेठांतून एक ठराविक देखावा दिसूं लागतो. मराठवाड्यांतून, खानदेशांतून, कोंकणांतून आणि बेळगांव-निपाणीच्या बाजूनेंही मुलें व मुली आपल्या वडील मंडळींसह या शहरांत उतरतात. खोल्यांचीं भाडीं विचारलीं जातात, खाणावळींचे दर ताडून पाहिले जातात, गुणपत्रिकांच्या प्रती काढल्या जातात. आणि कोणतें महाविद्यालय, कोणती शाखा, किती शुल्क, पुढें नोकरी कोठें, या चार प्रश्नांचा ऊहापोह रात्रंदिवस चालतो. हे चारही प्रश्न महत्त्वाचे आहेत, आणि त्यांना हंसणारा मनुष्य बहुधा भरल्या पोटाचा असतो. परंतु या चोहोंच्या मुळाशीं असलेला पांचवा प्रश्न मात्र त्या गर्दींत कोणी विचारीत नाहीं. ज्या तीन-चार वर्षांसाठीं ही सारी धांवपळ चालली आहे, तीं वर्षें कोणाच्या मालकीचीं? पैसा पुरविणाऱ्या घराचीं, शिक्षणाची सोय करून ठेवणाऱ्या समाजाचीं, कीं तीं प्रत्यक्ष जगणाऱ्या विद्यार्थ्याचीं? या प्रश्नाचें उत्तर ज्यानें आपल्या मनाशीं लावलें नाहीं, त्याला अभ्यास कसा करावा याविषयीं कितीही उपदेश केला तरी तो पालथ्या घड्यावरील पाणी ठरतो. कारण कोणतीही वस्तु कशी वापरावी, हें ती कोणाची आहे यावर अवलंबून असतें.

लोकव्यवहारांत या प्रश्नाचीं दोन उत्तरें प्रचलित आहेत. बाप म्हणतो, "पैसा माझा आहे, तेव्हां मी सांगेन तें शीक." मुलगा मनांतल्या मनांत म्हणतो, "आयुष्य माझें आहे, तेव्हां मला रुचेल तसा वागेन." पहिल्या उत्तरांत सावकाराचा सूर आहे आणि दुसऱ्यांत दिवाळखोराचा. आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं याच प्रश्नाकडे अधिक खोल दृष्टीनें पाहिलें होतें. मनुष्य देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें घेऊनच जन्मास येतो, असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं ही कल्पना समाजाच्या कांहीं थरांपुरतीच राखून ठेविली, हा तिचा मोठा दोष होय, व त्याचा विचार पुढें करावाच लागेल. तथापि तिच्यांत एक मार्मिक गोष्ट आहे. ऋषींचें ऋण फिटतें तें विद्यार्थिदशेंतील व्रतस्थ अध्ययनानें, असें त्यांनीं ठरविलें. ज्ञान मिळालें म्हणून देणें वाढलें, असा त्यांचा हिशेब नाहीं. ज्ञान मन लावून मिळविणें हीच देण्याची फेड, असा आहे. ही दृष्टि आजच्या विद्यार्थ्याला कितपत उपयोगी पडते, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

घराचा हक्क प्रथम घेऊं, कारण तो सर्वांत जवळचा. गोपाळ कृष्ण गोखले लहान असतांनाच त्यांचे वडील वारले. वडील बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून नोकरी धरली. त्यांना दरमहा १५ रुपये मिळत, आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं पाठवीत. स्वतःच्या प्रपंचाला उरत ७. पुढें महाविद्यालयाचा खर्च पेलेना, तेव्हां वहिनींनीं आपले दागिने मोडले. गोखले १८८४ सालीं बी. ए. झाले. हे आठ रुपये जर कर्ज असते, तर त्यांची व्याजासह फेड होईल अशी मोठ्या पगाराची जागा गांठणें हा गोखल्यांचा सरळ धर्म ठरला असता. त्यांनीं काय केलें? ते न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक झाले आणि फर्ग्युसन महाविद्यालयांत प्राध्यापक होऊन १९०२ पर्यंत शिकवीत राहिले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं वीस वर्षें सेवा करावी आणि दरमहा ७५ रुपयांत संसार चालवावा, अशी तेथील रीत होती. रुपयाआण्यांच्या वहींत हा व्यवहार तोट्याचाच दिसेल. परंतु गोविंदरावांनीं जें दिलें तें भाऊ मोठा व्हावा म्हणून दिलें होतें, आणि देणाऱ्याचा हेतु सफल होणें हीच कोणत्याही दानाची खरी परतफेड होय.

येथें एक सावधगिरी राखली पाहिजे. अशा गोष्टी सांगतांना आपण नेहमीं त्यागी पुरुषाकडे पाहतों, आणि त्याच्या त्यागाचा कांहीं भाग ज्यांच्या वाट्याला आला त्यांच्याकडे पाहत नाहीं. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवचे. त्यांचें सारें शिक्षण विपन्नावस्थेंत झालें. अंगांत घालण्याचा एकच सदरा रात्रीं धुवून सकाळीं तोच घालावयाचा, ही त्यांची डेक्कन कॉलेजांतील कथा सर्वश्रुत आहे. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनीं आईला पत्र लिहून कळविलें कीं, मुलगा मोठ्या हुद्द्यावर चढेल अशी आशा तूं धरूं नकोस; पोटापुरत्या मिळकतींत संतोष मानून मी सारा वेळ लोकांच्या हितासाठीं घालविणार आहें. या पत्राची थोरवी आजवर पुष्कळांनीं गाइली आहे. पण तें पत्र जिच्या हातीं पडलें त्या माउलीच्या बाजूनेंही क्षणभर विचार करावा. तिच्या दारिद्र्याला मुलाच्या पदवीनें उतार पडणार होता, आणि तो पडणार नाहीं हें तिला मुलाच्याच अक्षरांत वाचावें लागलें. आगरकरांचा निर्णय चुकला असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या वर्तनांत जी गोष्ट अनुकरणीय आहे ती ही कीं, त्यांनीं आईला अंधारांत ठेविलें नाहीं. आधीं पैसे उचलावे, होकार भरावा, आणि पदवी हातीं पडल्यावर आपला खरा बेत सांगावा, हा मार्ग त्यांनीं पत्करला नाहीं. घराचा हक्क आज्ञेचा नसेल. परंतु सत्य वेळेवर कळण्याचा हक्क घराला खचित आहे.

समाजाचा हक्क याहून अप्रत्यक्ष, म्हणून सहज विसरला जाणारा. पुण्यांतील उच्च शिक्षणाच्या इतिहासांतच त्याची साक्ष आहे. पेशव्यांच्या दक्षिणेचा जो निधि होता, त्यांतून एल्फिन्स्टनसाहेबाच्या पुढाकारानें १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेंच पुढें डेक्कन कॉलेज झालें, व येरवड्याच्या त्याच्या इमारतीस सर जमशेटजी जीजीभाई यांचें द्रव्य लागलें. दक्षिणेचा पैसा कोठून आला? राज्याच्या वसुलांतून, म्हणजे अखेरीस शेत नांगरणाऱ्याच्या हातून. हा धागा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत स्पष्ट उलगडून दाखविला. सरकारचें उत्पन्न रयतेच्या घामांतून येतें. उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, आणि हे शिकलेले लोक आपलें ज्ञान खालपर्यंत पोंचवीत नाहींत, असा त्यांचा आक्षेप होता. शास्त्रकारांच्या ऋणकल्पनेंत जी उणीव आम्ही वर सांगितली, ती फुल्यांनीं भरून काढली. ऋण केवळ ऋषींचें नाहीं. ज्याला अक्षर शिकूं दिलें नाहीं, त्याचेंही तें आहे.

हा आक्षेप जुना झाला, असें कोणी समजूं नये. अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकांचें वेतन आजही राज्याच्या तिजोरींतून दिलें जातें. विद्यार्थी जें शुल्क भरतो तें खऱ्या खर्चाचा एक भाग असतें. २०२४ पासून महाराष्ट्रांत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या दुर्बल व मागास वर्गांतील कुटुंबांच्या मुलींचें व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शुल्क माफ झालें. तें माफ झालें म्हणजे दुसऱ्या कोणीं तरी भरलें. शिवाय शिक्षणाची जागा ही मर्यादित वस्तु आहे. कॉर्नेलिया सोराबजी या डेक्कन कॉलेजांत शिकावयास गेल्या, तेव्हां वर्गांत येऊं नये म्हणून त्यांच्या तोंडावर दारें लावून घेणारे विद्यार्थी होते. परीक्षेंत त्या सर्वांच्या पुढें गेल्या, परंतु विलायतेंत शिकण्यासाठीं जी सरकारी शिष्यवृत्ति त्या गुणक्रमानें मिळावयाची, ती केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारण्यांत आली. आज तसें दार कोणी लावीत नाहीं. पण प्रवेशाची यादी जेथें संपते तेथें अर्ध्या गुणानें मागें राहिलेला एक मुलगा किंवा मुलगी उभी असते. जो विद्यार्थी जागा अडवून बसतो आणि तिचा उपयोग करीत नाहीं, तो आपलें स्वतःचेंच नुकसान करतो असें म्हणण्याची चाल आहे. तें अपुरें आहे. त्यानें त्या यादीबाहेरच्या व्यक्तीचेंही कांहीं घेतलेलें असतें.

आतां विद्यार्थ्याचा स्वतःचा हक्क. घर आणि समाज यांचे दावे एकदां मान्य केले म्हणजे त्याच्या वाट्याला कांहीं उरतें काय? उरतें, आणि तें थोडें नाहीं. ज्याचा हात रिकामा तो कोणाचेंच देणें फेडूं शकत नाहीं. म्हणून स्वतःची वाढ करून घेणें हा चैनीचा विषय नसून फेडीचें साधन आहे. टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष बहुतांशीं शरीर कमावण्यांत घालविलें आणि परीक्षेची पर्वा केली नाहीं, ही गोष्ट प्रत्येक पुणेकर विद्यार्थ्याला ठाऊक असते. किंबहुना अभ्यास न करणाऱ्याला ती अधिकच पाठ असते. परंतु त्या वर्षांत टिळक रिकामे बसले नव्हते. पुढें मंडालेचा कारावास ज्या देहानें सोसला, त्या देहाची ती पायाभरणी होती. आणि त्याच विद्यार्थ्यानें पुढें गणितांत पहिल्या वर्गाची पदवी मिळविली. अभ्यासक्रमाबाहेरचें काम अभ्यासक्रमाइतक्याच कष्टानें करणें आणि अभ्यासक्रम टाळणें, यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८६७ सालीं स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज विद्यापीठांत केलेल्या भाषणांत असें प्रतिपादिलें होतें कीं, विद्यापीठाचें काम कुशल वकील किंवा वैद्य तयार करणें हें नसून समर्थ व सुसंस्कृत माणसें तयार करणें हें आहे; माणूस तयार झाला म्हणजे तो आपला धंदाही शहाणपणानें करील. आगरकरांच्या पिढीवर मिलच्या विचारांचा मोठा संस्कार झालेला होता.

या तिन्ही हक्कांचा मेळ आम्हांस एकाच कल्पनेंत दिसतो, आणि ती विश्वस्ताची होय. विश्वस्ताच्या हातीं दिलेलें धन त्याचें नसतें, म्हणून त्यानें तें उडवावयाचें नाहीं. पण तें कसें वाढवावें याचा निर्णय त्याचा असतो, म्हणून दात्यानें पदोपदीं त्याचा हात धरावयाचा नाहीं. महाविद्यालयांतील वर्षें विद्यार्थ्याच्या हातीं अशीं विश्वासानें दिलेलीं असतात. आणि त्यांची फेड बहुधा ज्यानें दिलें त्याच्याकडे परत जात नाहीं; ती पुढच्या माणसाकडे जाते. गोविंदरावांचे आठ रुपये फर्ग्युसनच्या वर्गांत बसणाऱ्या शेंकडों मुलांना पोंचले.

यावर एक आक्षेप येईल व तो वजनदार आहे. ज्याच्या बापानें जमीन गहाण टाकली आहे, धाकटी बहीण शाळेंत आहे, त्या मुलाला हें तत्त्वज्ञान काय कामाचें? त्याला पदवी, नोकरी आणि दरमहाचा पैसा हवा. आमचें उत्तर असें कीं, त्यानें तोच मार्ग धरावा आणि त्याबद्दल कोणापुढेंही मान खालीं घालूं नये. जमीन सोडविणें हें लोकसेवेहून हलकें काम नव्हे. ७५ रुपयांचें व्रत घेण्याची शक्ति ज्याच्या घरांत आहे त्यानेंच तें घ्यावें. दुसऱ्याच्या उपाशी पोटावर स्वतःचा त्याग उभारूं नये. मात्र या मुलानेंही एक ध्यानांत ठेवावें. घाईनें, उसन्या टिपणांवर, कसेंबसें पदरांत पाडून घेतलेलें शिक्षण नोकरीच्या बाजारांतही टिकत नाहीं. जमीन सोडवावयाची असेल तर खरें शिकण्याची गरज त्यालाच सर्वांहून अधिक आहे.

तत्त्व ठरलें म्हणजे व्यवहार सांगणें सोपें जातें. महाविद्यालयांत येण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें तीन तयाऱ्या कराव्या. पहिली, परीक्षेला न लागलेला एखादा चांगला ग्रंथ कोणाच्या सांगण्यावांचून आरंभापासून अखेरपर्यंत वाचून काढावा. बारावीपर्यंतचा अभ्यास आणि प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्या यांत मुलाच्या हातीं तुकडे येतात. सबंध ग्रंथाचा युक्तिवाद मनांत धरून ठेवण्याची संवय लागत नाहीं, आणि महाविद्यालयांत तीच लागते. दुसरी, स्वतःच्या खर्चाची वही ठेवण्यास व साधें जेवण रांधण्यास शिकावें. आपला दिवस किती रुपयांत जातो हें ज्याला माहीत नाहीं, त्याला बापाच्या कष्टांची किंमत कळावी तरी कशी? तिसरी, विषयाच्या निवडीबद्दल घरच्यांशीं मोकळें बोलणें प्रवेशापूर्वींच करून घ्यावें. तें बोलणें कठीण असतें. परंतु दोन वर्षांनंतर तेंच दसपट कठीण होतें.

महाविद्यालयांत आल्यावर खेड्यांतील मुलांना पहिला धक्का बसतो तो इंग्रजीचा. इंग्रजी बोलणारा तो हुशार, ही समजूत या शहरांत फार पसरलेली आहे. रघुनाथ परांजपे हे दापोली तालुक्यांतील मुर्डीसारख्या लहान गांवांतून आले आणि १८९९ सालीं केंब्रिज येथें सीनिअर रँग्लर झाले, हें अशा वेळीं आठवावें. आणि तेथून परत येऊन त्यांनीं फर्ग्युसनमध्येंच शिकविण्याचें काम पत्करलें, हेंही विसरूं नये. इंग्रजी अवश्य शिकावी, परंतु वर्गांत इंग्रजींत ऐकलेलें रोज अर्धें पान मराठींत लिहून पाहावें. जें मायबोलींत सांगतां येत नाहीं, तें आपल्याला समजलेलें नसतें. ही कसोटी कोणत्याही परीक्षकापेक्षां कडक आहे.

दुसरी गोष्ट मित्रांची. टिळक आणि आगरकर यांचे डेक्कन कॉलेजांतील तासन्‌तास चाललेले वाद महाराष्ट्राच्या इतिहासांत नमूद आहेत. त्यांतूनच शिक्षणकार्याची कल्पना आकारास आली. पुढें सुधारणेच्या प्रश्नावर दोघांचें तीव्र मतभेद झाले व १८९० मध्यें टिळकांनीं सोसायटी सोडली. तरीही आपल्याहून निराळें मत असलेला, तोडीस तोड असा एक मित्र विद्यार्थ्यानें अवश्य जोडावा. आज हातांतील यंत्र आपल्याला आपल्याच मताचीं माणसें निवडून दाखवितें. म्हणून हा लाभ प्रयत्नानें मिळवावा लागतो.

तिसरी गोष्ट उसन्या ज्ञानाची. अप्पा बळवंत चौकांत तयार उत्तरांचीं मार्गदर्शक पुस्तकें पिढ्यान् पिढ्या विकलीं जात आहेत. आतां तर निबंध, प्रकल्प, सारें कांहीं यंत्राकडून क्षणांत लिहून मिळतें. यांत फसवणूक प्राध्यापकाची होते, असें विद्यार्थी समजतो. पण विश्वस्तानें ठेव वाढवावयाची होती. त्यानें खोटी पावती करून ठेविली. समजण्यासाठीं यंत्राला प्रश्न विचारणें निराळें, आणि समजण्याचा त्रास चुकविण्यासाठीं त्याच्याकडून उत्तर घेणें निराळें. हा भेद बाहेरून कोणाला दिसत नाहीं. म्हणूनच तो चारित्र्याचा प्रश्न आहे.

चौथी गोष्ट, फेडीचा आरंभ पदवीनंतर करावयाचा असें मानूं नये. आठवड्यांतून दोन तास आपल्याहून मागच्या कोणाला तरी शिकवावें. खोली झाडणाऱ्या बाईंचा मुलगा असेल किंवा आपल्या गांवाहून नुकताच आलेला सोबती असेल. माधुकरी मागून व वार लावून शिकणाऱ्या मुलांना ज्या शहरानें एके काळीं जेवूं घातलें, जेथें १९०९ मध्यें अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ मध्यें विद्यार्थी सहाय्यक समिति निघाली, तेथें ही गोष्ट नवी नाहीं.

ऋणाची ही भाषा वापरतांना एका धोक्याची जाणीव मात्र आईबापांना दिली पाहिजे. "आम्ही तुझ्यासाठीं काय काय सोसलें" हें वाक्य दर सुटींत ऐकविलें, कीं दान संपतें आणि सावकारी सुरू होते. आणि कोंवळ्या मनावर तिचें ओझें असें बसतें कीं एका परीक्षेंतील अपयश त्याला जगण्याचेंच अपयश वाटूं लागतें. धोंडो केशव कर्वे लहानपणीं मुरूडहून सह्याद्रीचे घाट ओलांडून, भर पावसांत पायीं साताऱ्याला परीक्षेसाठीं गेले, आणि वयानें लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठविण्यांत आलें. तेच पुढें १८९१ मध्यें फर्ग्युसनमध्यें गणिताचे प्राध्यापक झाले, व १९१६ मध्यें त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. साताऱ्याच्या त्या दिवशीं हिशेब मिटविला असता तर तो तोट्याचाच निघता. विद्यार्थ्यावर ऋण आहे तें प्रामाणिक प्रयत्नाचें, यशाचें नव्हे. गुणपत्रिका हातीं घेऊन घरीं येणाऱ्या मुलाला, नापास झालास तरी हें घर तुझेंच आहे, असें ज्या घरांत सांगतां येतें, त्या घरानेंच खरें दिलें.

तेव्हां नव्या विद्यार्थ्याला आमचें सांगणें इतकेंच. प्रत्येक वर्षाच्या अखेरीस निकाल लागण्यापूर्वीं, म्हणजे जगाचा निवाडा ऐकण्यापूर्वीं, स्वतःशीं तीन प्रश्न विचारावे. या वर्षीं मला खरोखर काय समजलें, कीं जें मी पुस्तक मिटून दुसऱ्याला सांगूं शकेन? माझ्या घरापासून मी कोणतें सत्य दडविलें आहे? आणि माझ्यामुळें कोणाचें थोडें तरी अडलेलें काम पुढें सरकलें? या तिहींचीं उत्तरें देतांना जो अडखळला नाहीं, त्याला आपलीं वर्षें कोणाचीं होतीं हें कोणीं सांगावें लागणार नाहीं. जो अडखळला, त्याच्यापुढें बहुधा आणखी एखादें वर्ष शिल्लक असतें, आणि त्यानें त्याच दिवसापासून कामाला लागावें.